आधीच ‘लिहिलं’ म्हणणारं कार्ड

खाणीच्या तोंडाशी एक लोखंडी फाटक होतं आणि त्याच्या वाट्याला शिव्यांखेरीज काही आलं नव्हतं. खाली जाणारा घाईघाईत शिवी देई. पाळी संपवून वर आलेला, अंगावर काळी भुकटी आणि पोटात कावळे घेऊन उभा असलेला, सावकाश आणि निवडून देई. माणसांना खालीवर नेणाऱ्या पिंजऱ्यातून बाहेर पडलं की प्लास्टिकचं कार्ड फाटकाच्या खाचेतून ओढायचं आणि थांबायचं. शेजारच्या दिवेघरात, टोपीवरचे दिवे चार्ज होत असत त्या मांडणीलगत, एक संगणक ठेवला होता. तो घुरघुरायचा. मग हिरवा दिवा लागायचा, दांडा एका माणसापुरता फिरायचा, आणि मागच्याने पुढे सरकायचं.

हे फाटक आणि त्यामागचा प्रोग्रॅम ज्याने बसवला, त्याला खाणीत सगळे बटणराव म्हणत. संगणक तसा साधाच, कचेरीत टेबलावर ठेवतात तसला. पण त्यावर युनिक्स नावाची प्रणाली चालत असे, त्यामुळे फाटकावरची, दिवेघरातली आणि कचेरीतली टर्मिनलं एकाच वेळी त्याच्याकडून काम करून घेत. खाली कोण आहे आणि वर कोण आहे, हे त्या यंत्राला माहीत असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. पूर्वी पितळी बिल्ले असत. ते हरवत, एकमेकांचे उचलले जात, खिशात घरी जात. यंत्र आलं तसे बिल्ले गेले.

प्रोग्रॅम लिहिताना बटणरावाने एक नियम पाळला होता. नोंद डिस्कवर उमटल्याशिवाय दांडा फिरणार नाही. डिस्ककडून ‘लिहिलं’ असा निरोप आला, की मगच. वीज जावो, यंत्र कोसळो, जो माणूस फाटकातून गेला त्याची नोंद डिस्कवर असणारच. फाटक हळू होतं ते यामुळे. पण हे रांगेतल्या माणसाला सांगून उपयोग नव्हता.

“काय मेहुणे, जेवतंय का तुझं यंत्र?” दाजी रांगेतून ओरडायचे. “का हात धुवायला गेलंय?”

दाजी म्हणजे बटणरावाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खालच्या थरात, खाणीच्या अगदी तळाशी, साचलेलं पाणी उपसणारे पंप होते, त्या पंपांवर ते होते. बटणराव खाणीत लागला तो दाजींच्या शब्दावर, आणि दोन्ही वेळा जेवायचा ताईकडे. त्यामुळे दाजींना त्याची टिंगल करायचा दुहेरी हक्क होता आणि ते तो पुरेपूर वापरत.

एका पाळीबदलाला रांगेत हाणामारी झाली. ढकलाढकलीत एकाचा जबडा दांड्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी खाणीच्या साहेबांनी बटणरावाला बोलावलं.

“तुमचं फाटक माणसं मोजतं की फोडतं?”

“साहेब, यंत्र ठीक आहे. डिस्क आणि यंत्र यांच्यामध्ये जे कंट्रोलर कार्ड आहे ते जुनं आहे. प्रत्येक नोंदीला...”

“मग बदला. रांग मोडली पाहिजे. नाहीतर मी फाटक काढून टाकतो, आणि तुम्ही वहीपेन्सिल घेऊन बसा तिथे.”

कंट्रोलर कार्ड म्हणजे मधला कारकून. यंत्र सांगतं, तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि ‘लिहिलं’ म्हणून उलट कळवतो. बटणरावाने कॅटलॉग मागवले, दिवेघरातल्या बाकावर पसरले आणि दुपारच्या शांततेत वाचत बसला. पहिलं कार्ड स्वस्त आणि चांगलं होतं, पण युनिक्ससाठी त्याचा ड्रायव्हरच कुणी लिहिलेला नव्हता; म्हणजे ज्याची भाषा घरात कुणालाच येत नाही असा पाहुणा. ते बाद. दुसरं साधं कार्ड होतं, नव्या पिढीचं, सरळमार्गी. सांगितलं की लिहायचं, लिहून झालं की सांगायचं. रांग त्याने कमी झाली असती, संपली नसती. तिसऱ्या कार्डावर स्वतःची स्मृती होती. यंत्राने सांगितलेलं ते आधी स्वतःच्या स्मृतीत ठेवी, ताबडतोब ‘लिहिलं’ म्हणे, आणि डिस्कवर नंतर, सवड बघून लिही.

“अजून तेच वाचतोयस?” दिवेकाका म्हणाले. दिवेघर त्यांच्या ताब्यात होतं. प्रत्येक दिव्याला नंबर, प्रत्येक नंबराला माणूस, आणि ते सगळे त्यांना तोंडपाठ. “कार्ड घेतोयस का जावई करून घेतोयस त्याला? किती ती चौकशी!”

“काका, हे लिहिण्याआधीच लिहिलं म्हणतं.”

“मग तुमच्या कचेरीत चपखल बसेल.”

बटणराव हसला, पण त्याने फोन उचलला. पलीकडे कार्डवाला होता, त्याच्या आवाजात तूप होतं.

“अहो घोडा आहे तो, घोडा. तुमची रांग दिसायची नाही.”

“घोडा कळला. वीज गेली तर?”

“तुमच्याकडे बॅटरीचा डबा आहे ना?”

“आहे. पण इथे धोक्याचा भोंगा झाला की तोही बंद करतात. खाणीच्या तोंडाशी ठिणगी म्हणून काही ठेवत नाहीत.”

“बरं, मग काही सेकंदांचं गेलं तर जाईल. कार्डाला जरा उसंत मिळाली की ते लगेच डिस्कवर उतरवतं. आमच्या दुकानात रोज चालतं, एक अक्षर कधी गेलं नाही.”

काही सेकंद. बटणरावाने माहितीपुस्तक पुन्हा काढलं. त्यात लिहिलं होतं की कार्ड रिकामा वेळ मिळताच नोंदी डिस्कवर उतरवतं. जो भाग पुन्हा पुन्हा बदलत असेल तो मात्र ते हाताशी ठेवतं, म्हणजे एकच पान दहादा लिहिण्याचा आटापिटा वाचतो. हे वाचून बटणरावाला धोका दिसला नाही. त्याला ती युक्ती आवडली. आपणही असंच केलं असतं, असं वाटलं.

त्याने तिसरं कार्ड मागवलं.

तो आंधळेपणाने वागला असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. कार्ड आलं, यंत्रात आधीपासून असलेल्या टेपच्या कार्डाशी त्याचं भांडण झालं, ते त्याने पिना इकडच्या तिकडे करून मिटवलं, फ्लॉपीवरचा ड्रायव्हर चढवला आणि मग परीक्षा घेतली. दुपारी, फाटकावर चिटपाखरू नसताना, त्याने स्वतःचं कार्ड खाचेतून ओढलं, हिरवा दिवा बघितला, आत येऊन वायरच उपटली. यंत्र पुन्हा सुरू केलं. नोंद जागच्या जागी. पुन्हा केलं. दिवेकाकांचं कार्ड घेऊन केलं. एकदाही काही हरवलं नाही. प्रत्येक वेळी फाटकापासून वायरीपर्यंत चालत यायला जो वेळ लागत होता, तेवढ्यात रिकामं बसलेलं कार्ड आपलं काम उरकून मोकळं होत होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. परीक्षा निर्जन फाटकाची झाली. गर्दीच्या फाटकाची कुणी घेतली नाही, कारण पाळीबदलाला वायर उपटायला कुणी परवानगी दिली नसती, आणि त्याने ती मागितलीही नाही.

रांग नाहीशी झाली. कार्ड ओढावं तोच दांडा फिरे. साहेबांनी त्याला खांद्यावर थोपटलं. दाजींनी जेवताना जाहीर केलं, “तुझं फाटक आता तुझ्या बहिणीपेक्षा लवकर दार उघडतं.”

“फाटकाला भाकऱ्या भाजायच्या नसतात,” ताई आतून म्हणाली. “आणि फाटकाला विचारता येत नाही, इतका वेळ कुठे होतात म्हणून.”

“बघ, हे असं,” दाजी म्हणाले. गप्पांचं कुठे नाव निघालं की दाजींचा पाय निघत नसे, हे जगजाहीर होतं. सायकलच्या दुकानात, न्हाव्याकडे, कुठेही.

खालच्या थरात वायू पेटला तो पाळीबदलाच्या ऐन भरात.

वर जमीन हलली असं काही झालं नाही. दिवेघराच्या काचा खुळखुळल्या, पिंजऱ्याचा दोर ताणल्यासारखा वाजला आणि शाफ्टमधून, म्हणजे पिंजऱ्याच्या उभ्या विहिरीतून, ऊन, घाण वास वर आला. मग भोंगा. वीजघरातल्या माणसाने नियमाप्रमाणे मुख्य खटका खाली ओढला आणि धावत येऊन बॅटरीचा डबाही बंद केला. पंखे थांबले, दिवे गेले, फाटकाचा दांडा सैल पडला. त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात कुणी कार्ड ओढलं नाही. वरच्या थरातली माणसं हाताने फिरवायच्या राखीव चाकावरून पिंजऱ्यातून लोंढ्याने वर आली, दिवे जिथे जागा मिळेल तिथे टाकून अंगणात उभी राहिली. काही खोकत होते. काही सरळ घराकडे पळाले.

बटणराव आणि दिवेकाकांनी संगणक हातगाडीवर घातला आणि लांबच्या कचेरीत नेला. तिथे जनरेटर होता. यंत्र सुरू झालं. युनिक्सने आपली डिस्क तपासली, दोनतीन किरकोळ दुरुस्त्या केल्या आणि सर्व ठीक असल्याचं कळवलं. बटणरावाने यादी काढली. खालच्या थरात, सकाळच्या पाळीची एक अख्खी टोळी अजून आत दिसत होती. संध्याकाळच्या पाळीचं कुणीच नाही.

साहेबांनी कागद हिसकावून घेतला आणि ते बचाव पथकाच्या प्रमुखाकडे धावले.

तेवढ्यात ताई आली. पदराने तोंड झाकलेलं, पायात वेगवेगळ्या चपला.

“हे खाली गेलेत. मघाशीच निघाले घरून. पंपाची पाळी लवकर धरावी लागते त्यांना.”

“थांब, बघतो.” त्याने दाजींचा नंबर दाबला. पडद्यावर कालची वर आल्याची नोंद होती. आजची खाली गेल्याची नव्हती. “ताई, दाजी खाली नाहीत.”

“नाहीत?”

“हे बघ. फाटकातून गेलेलेच नाहीत. नोंद झाल्याशिवाय फाटक सोडतच नाही कुणाला, मीच केलंय ते. कुठेतरी गप्पा छाटत बसले असतील, भोंगा ऐकून तिथेच थबकले असतील. सायकलच्या दुकानात बघ. न्हाव्याकडे बघ.”

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पडद्यावरचं वाचता येत होतं, पण ती पडदा वाचत नव्हती.

“नक्की ना रे?”

“नक्की. इथे गर्दीत नको थांबूस, जा.”

ती गेली. जाताना एकदा हसलीही; म्हणाली, “सापडू देत, मग बघते त्यांच्याकडे.”

खाली आग लागली होती आणि आग विझवायचा तिथे एकच उपाय असतो. खालच्या थराच्या तोंडावर भिंत घालायची, हवा तोडायची. आत माणूस असेल तोवर भिंत घालत नाहीत. आत माणूस नसेल तर क्षणभर थांबत नाहीत, कारण वायू साचत जातो आणि पुन्हा पेटला तर वरचा थर आणि बचाव पथकही जातं. म्हणून पथकप्रमुख यादीतल्या टोळीसाठी थांबला होता. पथकाने वाळूच्या गोण्या खाली उतरवल्या होत्या, विटा उतरवल्या होत्या, आणि आत कसं शिरायचं यावर बोलणं चाललं होतं.

आणि मग यादीतला पहिला माणूस चालत आला.

टोळीचा म्होरक्या होता तो. अंघोळ करून, केस ओले, हातात रिकामा डबा. “माझं नाव वाचताय म्हणे मेलेल्यांत?” त्याने विचारलं. “मी केव्हाचा वर आलोय. माझी सगळी पोरं माझ्याबरोबर आली. पिंजऱ्यात मीच मोजली.”

एकेक जण सापडत गेला. कुणी अंघोळीच्या खोलीत, कुणी घरी, एक तर भोंगा ऐकून सासुरवाडीकडे पळत सुटला होता. प्रत्येक नावाला अंगणातून आरोळी उठत होती. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. कुणीतरी बटणरावाच्या पाठीत धपका घातला.

“काय रे बटणराव, जिवंत माणसं मारतोस?”

“मारू दे की! यंत्राने मारलेला माणूस शंभर वर्षं जगतो.”

साहेबांनी कपाळ पुसलं. “यादी थोडी मागे राहिली म्हणायची. असो, चूक झाली ती चांगल्या बाजूने झाली. सगळे वर आहेत. घाला भिंत.”

बटणरावही हसत होता. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

यादी मागे राहिली. किती मागे? तो कचेरीत पळाला. शेवटची नोंद काढली. ती भोंग्याच्या बरीच आधीची होती. इतकी आधीची, की मध्ये पाळीबदलाचा सगळा लोंढा मावला असता. पाळीबदलात फाटक क्षणभर रिकामं नसतं. फाटक रिकामं नाही म्हणजे कार्डाला उसंत नाही. आणि खाली कोण आहे हे सांगणारं पान तर प्रत्येक माणसागणिक बदलत होतं; म्हणजे तेच पान कार्डाने हाताशी धरून ठेवलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिण्याचा आटापिटा नको म्हणून. सगळ्यात महत्त्वाचं पान सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला हिरवा दिवा दाखवून, प्रत्येकाला ‘लिहिलं’ म्हणून.

वर आलेले जर लिहिले गेले नव्हते, तर खाली गेलेलेही लिहिले गेले नव्हते.

टोळीतल्या माणसाला टोळी असते. म्होरक्या मोजतो, शेजारचा विचारतो. संध्याकाळच्या टोळ्या अजून अंगणातच होत्या, त्यांचे म्होरके आपापली माणसं मोजून मोकळे झाले होते. पण टोळीच्या आधी एकएकटे खाली जाणारे असतात. लाकडाचे टेकू बघणारे, वायरमन, पंपवाले. त्यांना कुणी मोजत नाही. त्यांना मोजायला म्हणून तर यंत्र होतं.

पथकप्रमुख शाफ्टच्या तोंडाशी खालच्या पथकाशी जोडलेला फोन कानाला लावून उभा होता. ठेंगणा, शब्द तोलून वापरणारा माणूस.

“भिंत थांबवा,” बटणराव म्हणाला. “आत माणसं असतील.”

“किती?”

“माहीत नाही.”

“कोण?”

“माहीत नाही.”

“मग काय माहीत आहे तुला?”

“यादी खोटी आहे, एवढं. मी जे कार्ड बसवलं ते न लिहिताच लिहिलं म्हणतं. शेवटचा सगळा वेळ त्यात नाही.”

“पिंजरेवाल्याला विचारलं मी. तो म्हणतो थोडेफार खाली सोडले होते, ते लोंढ्यात परत आले असतील.”

“असतील,” बटणराव म्हणाला. “आले असं तो म्हणाला का?”

पथकप्रमुखाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग फोनमध्ये म्हणाला, “गोण्या तिथेच ठेवा. वर बोलतो तोवर हात लावू नका.” आणि बटणरावाला म्हणाला, “वायू किती साचला ते तपासायला खालच्या हवेची पुढची बाटली भरून वर येईपर्यंत माझ्याकडे वेळ आहे. तेवढ्यात मला नावं दे. नावांशिवाय मी माझी माणसं आगीत घालणार नाही.”

नावं आता एकाच ठिकाणी होती. प्रत्येक माणूस आपल्या नंबराचा दिवा घेऊन खाली जातो. मांडणीवर जो दिवा नाही, तो माणूस खाली. पण लोंढ्याने वर आलेल्यांनी दिवे अंगणात, पायऱ्यांवर, नळाखाली टाकले होते, आणि पथकाने घाईत हाताला लागतील ते दिवे उचलले होते.

“काका, सगळे दिवे गोळा करायचे. आत्ता.”

दिवेकाकांनी कारण विचारलं नाही. त्यांनी अंगणातल्या माणसांना असा आवाज दिला की आरोळ्या थांबल्या. दिवे टोपल्यांतून आले, शर्टांत गुंडाळून आले. काका नंबर वाचत होते आणि बटणराव खाचेत अडकवत होता. पथकाचे दिवे फोनवरून विचारून घेतले. कुणाच्या घरी गेलेला दिवा एक जण धावत जाऊन घेऊन आला. मांडणी भरत गेली. बटणरावाने पंपवाल्यांच्या ओळीकडे बघायचं टाळलं. तिथे तो सगळ्यात शेवटी गेला.

“दोन टेकूवाल्यांचे नाहीत,” काका म्हणाले. “वायरमनचा.” मग हळू म्हणाले, “आणि तुझ्या दाजींचा.”

“नीट बघा.”

“नीटच बघितलं रे बाबा.”

पथकप्रमुखाने चारही नावं ऐकली, प्रत्येक जण कुठल्या जागी असेल ते विचारलं, आणि पथक आत सोडलं. टेकूवाले थराच्या तोंडापासून जवळ होते. एका कोनाड्यात, ओला शर्ट तोंडावर धरून, एकमेकांना चिकटून बसलेले सापडले. दोघेही जिवंत होते. त्यांना वर आणलं तेव्हा अंगणात कुणीही ओरडलं नाही, कारण ते आत होते हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्यातला एक सारखं म्हणत होता, “गोण्यांचा आवाज येत होता. आम्ही हाका मारत होतो. गोण्यांचा आवाज येत होता.”

पंप तळाशी होते, आणि वायरमनही तिकडेच कामाला होता. तिथवर जायला एकच उतार, आणि त्याच उतारावर धूर. पथक अर्ध्यात पोचलं तेव्हा बाटलीतल्या वायूचा नवा आकडा हातात आला. तो बराच चढला होता. पथकप्रमुखाने तो वाचला. पुन्हा वाचला. मग फोनमध्ये म्हणाला, “परत या.”

“अजून थोडं,” बटणराव म्हणाला.

“परत या,” पथकप्रमुख फोनमध्येच पुन्हा म्हणाला. खालून कुणीतरी काहीतरी बोललं. “मला ऐकू आलं. तरी परत या. आणि भिंत घाला.”

मग तो बटणरावाकडे वळला. “तू आलास तेव्हा आकडा खाली होता,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हिशोब होता. “यादी आली तेव्हा त्याहून खाली होता. तेव्हा ही नावं असती, तर मी तळापर्यंत गेलो असतो.”

भिंत घालताना वरून काही दिसत नाही. फोनवर खालचा माणूस अधूनमधून सांगत राहिला: कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. बटणराव तिथेच उभा राहून ऐकत राहिला. त्याला तिथून कुणी घालवलं नाही. साहेब लांब जाऊन उभे होते. शेवटी खालचा माणूस म्हणाला, “बंद.”

ताई ऊन उतरताना परत आली. धुळीने पाय भरले होते. तिने लांबूनच बोलायला सुरुवात केली.

“सायकलच्या दुकानात नाहीत, न्हाव्याकडे नाहीत. त्यांच्या त्या लंगड्या मित्राकडेही जाऊन आले, तिथेही नाहीत. गेले कुठे हे गृहस्थ? तू तर म्हणालास...”

“ताई.”

ती थांबली.

“दाजी खालीच होते. यंत्रात नोंद राहिली नाही. कार्ड चुकीचं घेतलं मी.”

“खाली होते म्हणजे? मग आणा वर.”

तिने त्याच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी बसलेल्या पथकाकडे बघितलं. ती माणसं टोप्या काढून पाणी पीत होती. खाणीतल्या बाईला तेवढं पुरतं.

“भिंत घातली?”

“हो.”

“तू होतास तिथे?”

“होतो.”

तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ पडलं का विचारावं तसा.

“मी आले होते तेव्हा भिंत नव्हती.”

“नव्हती.”

“मी इथेच बसले असते. माझा नवरा आत आहे म्हणून ओरडले असते. हात धरून ओढलं असतं तरी उठले नसते. त्यांना ऐकावं लागलं असतं ना रे माझं?”

“हो,” बटणराव म्हणाला.

“मग मला न्हाव्याकडे कशाला पाठवलंस?”

तो तिच्याजवळ सरकला. तिने हात वर केला. मारायला नाही, नुसता तिथेच थांब म्हणून. मग ती शाफ्टच्या तोंडाशी गेली, गोण्यांतून सांडलेल्या वाळूवर बसली आणि पथकातल्या एकाने पुढे केलेलं पाणी तिने घेतलं.

अंधारून येईपर्यंत तो तिच्या मागे काही अंतरावर उभा होता. वायरमनचं तिने पथकाकडून ऐकलं होतं. एकदा तिने मान वळवली.

“त्या वायरमनच्या घरी कुणी गेलं का सांगायला?”

“नाही. तो खाली होता हे बाहेर अजून कुणाला माहीत नाही. त्याचे वडील एकटे असतात, काका म्हणाले.”

“मग इथे काय करतोयस?” ती म्हणाली. “जा. त्यांना शोधायला पाठवू नकोस कुठे. सरळ सांग.”